लागून विझणारा दिवा

डिझेल ट्रकच्या डॅशबोर्डवर मुख्यतः दोन रंगांचे इशारे असतात. लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि थांबायचं. पिवळा लागला की जपून चालवायची आणि लवकरात लवकर मिस्त्रीला दाखवायची. दोन्ही दिवे डोक्याला ताप देतात, पण सरळ असतात. ते लागले की लागलेले राहतात आणि पुढे काय करायचं याबद्दल ड्रायव्हरच्या मनात फारसा गोंधळ उरत नाही.

खरा त्रास तिसऱ्या प्रकाराचा आहे. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा घाट चढताना लागतो, आणि ड्रायव्हर ढाब्यावर चहा पिऊन परत येतो तेव्हा विझलेला असतो. मग दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं. गाडी नीट ओढते, जास्तीचा धूर नाही, वेगळा आवाज नाही. 'चेक लाइट येते-जाते' एवढं बोलून ट्रकवाले पुढच्या विषयाकडे वळतात.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. गाव बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात. गेलं वर्षभर या येत्या-जात्या दिव्याने माझ्या डोक्यात घर केलंय. बिघाड शोधणं हा मिस्त्रीचा विषय आहे, पण त्याच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो मिस्त्री सोडवू शकत नाही. एखादा इशारा आला आणि आपणहून मागे गेला, तर आपण त्याचं काही देणं लागतो का?

तुमच्याकडे ट्रक नसेल. पण छातीत एकदाच येऊन गेलेली कळ, आईने फोनवर एकदाच सांगितलेलं 'हल्ली जरा चक्कर येते', मित्राने मध्यरात्री पाठवून सकाळी डिलीट केलेला मेसेज, हे सगळे याच जातीचे दिवे आहेत. लागलेले असताना आपण दचकतो. विझले की सुटकेचा श्वास टाकतो. माझी शंका त्या सुटकेच्या श्वासाबद्दल आहे.

दिवा विझतो तेव्हा काय होतं

जुन्या ट्रकमध्ये ड्रायव्हरचा कान हाच इशारा होता. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाच्याच नव्या गाड्या विकता येतात, आणि त्या मानकाने ट्रकचं पोट पार बदलून टाकलं. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी त्यात युरियाचं द्रावण फवारलं जातं. ड्रायव्हर त्याला नुसतं 'युरिया' म्हणतात. काजळी अडवायला फिल्टर असतो. या सगळ्यावर नजर ठेवायला तापमानाचे, दाबाचे, वायूंचे सेन्सर असतात आणि त्यांच्या तारा एका छोट्या कॉम्प्युटरकडे जातात. सेन्सरचं रीडिंग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की कॉम्प्युटर एक कोड नोंदवतो आणि दिवा लावतो. काही दोषांमध्ये तो इंजिनाची ताकदही मुद्दाम कमी करतो, म्हणजे मालक दुरुस्ती टाळत बसणार नाही.

पण एका चुकार रीडिंगवर दिवा लावणं शहाणपणाचं नसतं. मोठा खड्डा आला, तार क्षणभर हलली, एवढ्यावर माणसाला घाबरवायचं का? म्हणून सॉफ्टवेअर थोडी वाट बघतं, दोष पुन्हा दिसला तर दिवा लावतं. विझवण्याचाही नियम असतो. साधारणपणे, सलग तीन वेळा गाडी चालून दोष दिसला नाही की दिवा विझतो. काही सूचनांचे दिवे तर रीडिंग सुधारताच जातात. कोड मात्र बऱ्याचदा मेमरीत पुढे काही काळ राहतो.

हे मला ओळखीचं वाटतं, कारण माझंही काम असलंच आहे. आमच्याकडे सर्व्हरवर नजर ठेवणारे अलर्ट असतात. एखादा अलर्ट येतो, जातो, पुन्हा येतो. त्याला आम्ही 'फ्लॅपिंग' म्हणतो. रात्री अडीचला फोन वाजू नये म्हणून आम्ही ठरवतो की पाच मिनिटं सलग गडबड असेल तरच अलर्ट पाठवायचा, आणि दहा मिनिटं शांतता असेल तर तो आपोआप बंद करायचा. पाच का, दहा का? एका मीटिंगमध्ये चार जण बसले होते आणि तो आकडा सगळ्यांना बरा वाटला.

म्हणून मला माहीत आहे की विझलेला दिवा 'गाडी बरी झाली' असं म्हणत नसतो. तो एवढंच म्हणतो की कोणीतरी ठरवलेल्या अवधीत दोष पुन्हा दिसला नाही. या दोन वाक्यांमध्ये मोठी फट आहे. कधी दोष खरोखर गेलेला असतो. पण अनेकदा तार एखाद्या पत्र्याच्या कडेवर घासत असते, कपलरमध्ये ओल शिरलेली असते, पिन ढिली असते. गार असताना जुळते, तापल्यावर सुटते. घासून गेलेलं तारेचं आवरण काही जखमेसारखं आतून भरून येत नाही. दिवा येतो-जातो आणि तार आपली झिजत राहते.

घाटावरून घाटाखाली

आमच्या जिल्ह्यात पत्ता सांगताना पहिला प्रश्न येतो: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याची डोंगररांग जिल्हा मधोमध कापत जाते. चिखली, बुलढाणा, मेहकर, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद घाटाखाली. बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो, खामगावकडे जाणारी एक वाट ज्ञानगंगा अभयारण्यातल्या बोथा घाटातून जाते. घाटाखाली रेल्वे आणि जुना मुंबई-कोलकाता महामार्ग आहे. त्यामुळे घाटावरचा बराच माल कधी ना कधी घाट उतरतोच.

माझ्या मामाचा एक ट्रक हेच काम करतो. सोयाबीन, मका खाली न्यायचा, सिमेंट किंवा पाइप वर आणायचे. गाडी बीएस-६, कर्जावर घेतलेली, हप्ता दर महिन्याला. गेल्या पावसाळ्यात तिची चेक लाइट येऊ-जाऊ लागली.

मामाने हयगय केली नाही. तीनदा गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिन्ही वेळा तिथे पोचेपर्यंत दिवा विझलेला. स्कॅनर लावला, एकदा जुना कोड निघाला, तो पुसून दिला, दोनदा काहीच नाही. कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून मिळालं. प्रत्येक खेपेला एक दिवसाचं भाडं बुडालं आणि तपासणीचे पैसे वेगळे. तिसऱ्या खेपेनंतर मामा म्हणाला, "ताप आला होता, उतरला. उतरलेल्या तापाला डॉक्टर काय करणार?"

दिवाळीत मी त्या ट्रकमधून मलकापूरपर्यंत गेलो. घाट उतरल्यावर मी ड्रायव्हरला विचारलं, हल्ली लाइट येते का? त्याने आधी आरशात पाहिलं, जणू मामा मागे हौद्यातच बसलाय. मग म्हणाला, "येते ना भाऊ. पण शेठले सांगतलं, त गाडी उभी रायते. गाडी उभी रायली, त माहा भत्ता बुडते."

म्हणजे दिवा दिसतो एकाला. त्याचा खर्च पडतो दुसऱ्याला. आणि धोका असतो तिसऱ्याला. चढावर ताकद गेलेला भरलेला ट्रक रात्री वळणावर थबकला, तर मागून येणाऱ्या एसटीत कोण बसलंय? उतारावर इंजिन बंद पडलं, तर स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. समोरून दुचाकीवर कोण येतंय? त्या लोकांना या दिव्याबद्दल कोणी विचारलेलं नसतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे आमच्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ जण गेले. त्या अपघाताचा चेक लाइटशी संबंध मला जोडायचा नाही. त्या सकाळी एवढं मात्र जिल्ह्यातल्या प्रत्येकाला जाणवलं की रस्त्यावर आपण सतत अनोळखी माणसांच्या निर्णयांच्या भरवशावर असतो.

क्लिफर्डचं जहाज

या प्रश्नावरचं सगळ्यात कठोर उत्तर एका तरुण गणितज्ञाने देऊन ठेवलंय. विल्यम क्लिफर्ड. १८७७ मध्ये त्याचा विश्वासाच्या नीतीवरचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा तो एकतीस-बत्तीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, तेहतिसाव्या वर्षी तो वारला. त्याआधी १८७० मध्ये सूर्यग्रहण बघायला निघालेल्या मोहिमेवर असताना सिसिलीजवळ त्याचं जहाज फुटलं होतं आणि तो वाचला होता. निबंधाची सुरुवात त्याने जहाजाच्याच गोष्टीने केली, यात मला नवल वाटत नाही.

गोष्ट अशी. एका मालकाचं जहाज परदेशी वस्तीला निघालेल्या कुटुंबांना घेऊन जाणार आहे. जहाज जुनं आहे, अनेकदा दुरुस्त झालंय. ते समुद्रात टिकेल का, अशी शंका लोकांनी त्याच्या कानावर घातली आहे. खोलून तपासायचं तर खर्च मोठा. मग तो स्वतःची समजूत काढतो: इतक्या सफरी केल्या, इतकी वादळं झेलली, याही वेळी येईलच परत. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज निघतं, भर समुद्रात बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, मालकाचा विश्वास अगदी प्रामाणिक होता हे मान्य केलं तरी तो दोषी आहे, कारण तो विश्वास त्याने तपासून मिळवलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. पुढची पायरी जास्त अवघड आहे: जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी मालकाचा दोष तसूभर कमी झाला नसता. तो फक्त पकडला गेला नसता.

ही दुसरी पायरी आपल्या अंगवळणी अजिबात पडलेली नाही. आपण निकालावरून वागणं मोजतो. 'काही झालं का? नाही ना?' हे वाक्य घरात, ऑफिसात, घाटात सारख्याच आत्मविश्वासाने म्हटलं जातं. येता-जाता दिवा याच वाक्यावर जगतो. दर सुखरूप फेरीनंतर पुढच्या फेरीची भीती थोडी कमी होते, जणू फेरी ही तपासणीच होती. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळून सात जण गेले, त्याआधीच्या काही उड्डाणांतही त्या रबरी कड्यांची झीज दिसली होती. यानं परत आली होती. परत येणं हाच पुरावा मानला गेला.

पण रोज कोण थांबणार?

इथपर्यंत वाचून क्लिफर्ड बरोबर वाटतो. मग हप्त्याची तारीख आठवते.

क्लिफर्डच्या जहाजमालकाकडे विमा होता, आणि बहुधा दुसरी जहाजंही. माझ्या मामाकडे एक ट्रक आहे. दर वेळी दिवा लागला की गाडी उभी करायची असं ठरवलं, तर दोन महिन्यांत गाडी बँकेची. विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं, त्याचा गाभा ओळखीचा आहे: काही निर्णय पुराव्याची वाट बघत थांबत नाहीत. न ठरवणं हेही ठरवणंच असतं. असे प्रसंग माणसाने विश्वास टाकून पार करायचे असतात. जेम्सचा रोख धर्मश्रद्धेसारख्या प्रश्नांवर होता, तपासता येण्याजोग्या इंजिनावर नाही. तरीही रात्री अकराला, माल भरलेला, घाटाच्या पायथ्याशी उभा असलेला ड्रायव्हर त्याचा मुद्दा चटकन समजेल.

शिवाय प्रत्येक इशाऱ्याला धावणं हाही इशारा मारण्याचा एक मार्ग आहे. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत आपण पोराला दोष देतो, पण गावाचं काय झालं तेही बघावं. दोन-तीनदा फुकट धावल्यावर गाव ऐकेनासं झालं. माझ्या कामात हे रोज दिसतं. अलर्ट शंभर झाले की माणूस एकही वाचत नाही. ट्रकवाले कधी कधी दिव्यावर काळी टेप लावतात, त्याला निव्वळ बेफिकिरी म्हणणं मला जमत नाही. तो थकवाही असतो.

मग मधली वाट कुठली? ती आमच्याकडच्या शेतकऱ्यांना माहीत आहे, आणि तिची किंमतही. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो. तोही येता-जाता इशाराच. त्या पहिल्या सरीवर भाळून पेरलं आणि नंतर खंड पडला, तर बियाणं मातीत जातं आणि दुबार पेरणीची वेळ येते. फार थांबलं, तर हंगाम हातचा जातो. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. या आकड्यात जादू नाही, तो कधी चुकूही शकतो. त्याचं मोल यात आहे की तो पाऊस यायच्या आधी ठरलेला असतो. आभाळ भरून आलेलं असताना, शेजारी पेरायला लागलेला असताना, मनाचा भाव वर-खाली होत असताना तो ठरवायचा नसतो.

येत्या-जात्या दिव्याचंही तसंच. 'किती वेळा लागला की गाडी उभी करायची?' हा प्रश्न दिवा लागलेला असताना विचारला, तर उत्तर भाडं देतं. आधी विचारला, तर माणूस देऊ शकतो.

एकट्याने पाहिलेला इशारा

अजून एक अडचण आहे. मर्यादा आधी ठरवली तरी मोजणार कोण? दिवा लागतो केबिनमध्ये, पाहतो एकटा ड्रायव्हर, आणि विझल्यावर मागे काहीच उरत नाही.

आमच्या जिल्ह्यात याच्या नेमकं उलट एक उदाहरण आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात गोल आखून धान्यं मांडतात, मधे घट ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रात्रीतून काय हललं, काय विस्कटलं ते पाहून पीक-पाण्याचं भाकीत सांगतात. ही परंपरा तीनशेहून जास्त वर्षांची मानली जाते. ऐकायला दूरदूरहून शेतकरी येतात. टीव्हीवर बातम्या येतात. अंधश्रद्धेचा विरोध करणारे दरवर्षी आक्षेप घेतात, आणि विचाराल तर मीही त्यांच्याच बाजूने आहे: सरकलेल्या दाण्याचा आणि मान्सूनचा काही संबंध नाही.

पण एक गोष्ट बघा. त्या दाण्याच्या मागे पावसाशी जोडलेली कुठलीच तार नाही, तरी तो वर्षभर लक्षात राहतो. डॅशबोर्डवरच्या दिव्यामागे खरोखरची तार आहे, तरी तो संध्याकाळपर्यंत विसरला जातो. फरक इशाऱ्याच्या खरेपणात नाही. दाणा चारचौघांनी मिळून पाहिलेला असतो, मोठ्याने सांगितलेला असतो, पेपरात छापून आलेला असतो. दिवा एकट्याने पाहिलेला असतो, आणि ज्याने पाहिला त्याला तो सांगण्याचा दंड असतो.

म्हणून मला वाटतं, येत्या-जात्या इशाऱ्याचं पहिलं देणं म्हणजे त्याला आठवण पुरवणं. लगेच विश्वास ठेवायची सक्ती नाही, लगेच थांबायचीही नाही. पण तो आला होता हे कुठेतरी राहिलं पाहिजे, आणि एकापेक्षा जास्त माणसांना माहीत असलं पाहिजे.

भत्ता कापायचा नाही

मामाच्या ट्रकमध्ये एक वही होतीच, डिझेल आणि टोलच्या हिशेबाची. ठरलं असं की लाइट लागली की त्याच वहीत लिहायचं: तारीख, वेळ, किलोमीटर, माल किती, चढ की उतार, पाऊस होता का. आणि मामाने दोन गोष्टी स्वतःहून जोडल्या. लाइट सांगितल्यामुळे गाडी उभी राहिली, तर त्या दिवसाचा भत्ता कापायचा नाही. आणि आठवड्यात तीन नोंदी झाल्या, तर भाडं कितीही चांगलं असो, गाडी उभी करायची.

मला यातली भत्त्याची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. विमानांच्या जगात हे फार पूर्वी समजलं. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक व्यवस्था चालवते. वैमानिक, नियंत्रक आपल्या हातून किंवा समोर घडलेल्या छोट्या-मोठ्या गडबडी तिथे कळवू शकतात. सांगणाऱ्याचं नाव काढून टाकलं जातं, आणि मुद्दाम केलेले किंवा गुन्ह्यात मोडणारे प्रकार वगळता ती माहिती त्याच्याविरुद्ध वापरली जात नाही. सांगणं स्वस्त केलं की लोक सांगतात. आपण मात्र 'प्रामाणिक ड्रायव्हर मिळत नाहीत' अशी तक्रार करतो आणि प्रामाणिकपणाचं बिल ड्रायव्हरच्याच खिशातून वसूल करतो.

तिसऱ्या आठवड्यात तीन नोंदी झाल्या. वही घेऊन मामा कंपनीकडे न जाता चिखलीतल्या एका मिस्त्रीकडे गेला. त्याने वही दोनदा वाचली. सगळ्या नोंदी भरल्या गाडीच्या, चढावरच्या, आणि बहुतेक पावसातल्या. गाडी चालू ठेवून त्याने इंजिनाजवळचा तारांचा जुडगा हाताने थोडा-थोडा हलवत नेला. एका जागी दिवा लागला. तिथे क्लिप तुटली होती. माल भरून गाडी जोर लावायला लागली की इंजिन जरासं हलायचं आणि तार पत्र्याच्या कडेला टेकायची. आवरण गेलं होतं, तांबं दिसत होतं. तार जोडून, वरून नळी चढवून, नवी क्लिप लावून काम दीड तासात झालं.

मामाच्या तापाच्या उपमेला उत्तर त्या वहीत होतं. उतरलेल्या तापाला डॉक्टर पुष्कळ काही करू शकतो, ताप कधी आला आणि कधी उतरला हे कोणी लिहिलेलं असेल तर. मलेरियाचा एक प्रकार एकाआड एक दिवस ताप घेऊन येतो. पाळीच्या तापात येणं-जाणं हीच ओळख असते. ज्याला आपण 'येते-जाते' म्हणून सोडून देतो, त्याच्या येण्या-जाण्यातच दोषाचा पत्ता लिहिलेला असू शकतो.

पण इथे क्लिफर्डची दुसरी पायरी विसरायची नाही. तार सापडली म्हणून वही बरोबर ठरली, असं मी म्हणणार नाही. सापडली नसती, दिवा एखाद्या फालतू कारणाने लागत असता, तरी वही ठेवणं तितकंच बरोबर असतं. निकालाने वागण्याला गुण द्यायचे, तर बुडालेल्या जहाजाला नापास आणि पोचलेल्या जहाजाला पास करणं आलंच.

दिवा लिहिणाऱ्यांचं काय

शेवटी माझ्यासारख्यांबद्दल. दिवा कधी लागणार, कधी विझणार हे ठरवणारे आम्ही त्या घाटात नसतो. तरी आमचा एक आकडा तिथल्या माणसाची भीती चालू-बंद करत असतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. कंपनीच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर ओळखायचं की आता चाचणी चालू आहे, आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करायचं. रस्त्यावर आल्यावर सोडून द्यायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. त्या गाड्यांचे डॅशबोर्ड शांत होते, कारण शांतताच लिहिलेली होती. इतकं उघड खोटं आपल्यातले बहुतेक जण कधी लिहिणार नाहीत. पण खोटं न बोलता अर्धवट बोलणं रोजच होतं. दिवा 'काहीतरी बिघडलंय' एवढंच सांगतो. काय बिघडलंय तो कोड मात्र बऱ्याचदा स्कॅनरशिवाय वाचता येत नाही. चिंता ड्रायव्हरला, माहिती कंपनीला. ज्याच्यावर आपण निर्णयाची जबाबदारी टाकतो त्याला निर्णयापुरतं ज्ञान न देणं, हा मला साधा तांत्रिक प्रश्न वाटत नाही.

गाडीच्या मेमरीत तो कोड असतो. किती वेळा आला, तेव्हा इंजिनाचा वेग किती होता, तापमान किती होतं, यातलं बरंच काही तिथे नोंदवलेलं असतं. ते स्क्रीनवर साध्या मराठीत दाखवायला आज काहीच अवघड नाही: 'हा दोष गेल्या महिन्यात सात वेळा आला, सातही वेळा चढावर.' मामाला वहीत जे पेनाने लिहून घ्यावं लागलं, ते गाडी स्वतः सांगू शकते. सांगत नाही, कारण कोणी तसं लिहिलेलं नाही.

तोपर्यंत आठवणीचं काम माणसांनाच करावं लागणार. ट्रकपुरतं नाही. आई 'चक्कर येते' म्हणाली आणि पुढच्या फोनवर 'आता बरं आहे' म्हणाली, तर तारीख लिहून ठेवा. पुन्हा म्हणाली, तर पुन्हा लिहा, आणि भावाला, बहिणीला, कोणातरी दुसऱ्याला सांगा. किती वेळा झालं की दवाखान्यात न्यायचं ते आजच ठरवा, तिला बरं वाटत असताना. आणि तिने सांगितल्यावर 'तू उगाच घाबरवतेस' असं म्हणू नका, कारण मग ती पुढच्या वेळी सांगणार नाही.